अंतराळातल्या बुवाला दिलेलं वाक्य

माझ्या वडिलांचं एक वाक्य मी एका लबाड माणसाला देऊन टाकलं. तो माणूस खराही नव्हता. टीव्हीवरच्या एका अंतराळयानात राहणारा बुवा होता तो. पण त्यापायी वडिलांचं चाळीस वर्षांचं काम सुटायची वेळ आली आणि ती माझ्यामुळं आली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना मी कुणाला बिचारी वाटायला नको.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते बौद्धाचार्य आहेत. आमच्या समाजात लग्न, नामकरण, गृहप्रवेश, अंत्यविधी, मयतानंतर काही दिवसांनी होणारं पुण्यानुमोदन असं सगळं लावून द्यायला दरवेळी भिक्खू कुठून आणायचे? म्हणून आमच्यातलाच एखादा संसारी माणूस शिबिराला जातो, पाठ शिकतो आणि नोकरी सांभाळून हे काम करतो. दादा वाळूजच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते, राहायला बजाजनगरात. पहिली पाळी करून यायचे, अंघोळ करायचे, पांढरा सदरा, पांढरी पँट चढवायचे आणि पिशवीत मेणबत्त्या नि पुस्तिका टाकून स्कूटरला किक मारायचे. निवृत्तीनंतर आम्ही पडेगावला राहायला आलो, तरी बजाजनगरची माणसं अजून त्यांनाच बोलावतात. माणसं त्यांना गुरुजी म्हणतात. दादांना दुसरा कसलाही नाद नाही. पत्ते नाहीत, राजकारण नाही, देवळाचा तर प्रश्नच नाही. हे एक काम आहे आणि त्यावर ते जगतात.

मयताच्या घरी पोचल्यावर दादा लगेच सुरुवात करत नाहीत. घरच्या माणसांसमोर हात जोडून उभे राहतात आणि म्हणतात, "आधी रडून घ्या. मग पाणी प्या. मग आपण बोलू." आणि थांबतात. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मागं विहाराच्या समितीची माणसं घड्याळाकडं बघत असतात, कुणाला कंपनीची बस गाठायची असते. दादा हलत नाहीत. हे वाक्य कुठल्या पुस्तिकेत नाही. पहिल्यांदा अंत्यविधीला उभे राहिले तेव्हा ते घाबरून पाठच विसरले होते. आठवेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून तोंडातून हे निघालं. पुढं त्यांच्या लक्षात आलं, की माणसांना पाठाइतकीच त्या थांबण्याचीही गरज असते. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा विधीला दुसरे बौद्धाचार्य आले होते, पण मला हे वाक्य दादांनीच येऊन सांगितलं. मी रडले, पाणी प्यायले, आणि मग आम्ही दोघं आईबद्दल बोललो.

आता माझ्या कामाबद्दल. मी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिते, डबिंगसाठी. मुंबईचा स्टुडिओ चित्रफीत पाठवतो, मी पडेगावच्या घरात, वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बसते. भाषांतर हा त्यातला सोपा भाग. अवघड असतात ते ओठ. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथं मिटतात तिथं प, ब, म यांतलं काहीतरी यावं लागतं, नाहीतर त्याच्या तोंडातलं मराठी दुसऱ्याच्या कवळीसारखं हलतं. पंधरा वर्षं मी माणसांचे ओठ बघते आहे. मान गेली, डोळे गेले, चेहरा तर एकही आठवत नाही.

आणि माझ्या नशिबी नेमकं विज्ञानकथांचं खातं आलं. पहिल्यांदा मजा वाटायची. नंतर कळलं, की हे लोक आकाशगंगा ओलांडतात, काळ उलटा फिरवतात, मेलेल्याला जिवंत करतात, पण धर्माची गोष्ट आली की ह्यांची बुद्धी गहाण पडते. ग्रह कुठलाही असो, धर्मगुरू एकच. यानातल्या बाकी सगळ्यांना अंगाला चिकटलेले कपडे, ह्याला तेवढा जमिनीवर लोळणारा झगा. पंधरा वर्षांत एकाचाही झगा सरकत्या दारात अडकलेला मी पाहिला नाही. प्राणवायू मोजून घ्यायचा असतो, तरी ह्याच्या खोलीत शंभर मेणबत्त्या पेटलेल्या. तो हळू बोलतो. प्रश्न विचारला की कोडं घालतो. भक्त सगळे एकाच वेळी मान डोलावतात. त्यांच्यात एकही म्हातारी "जेवायला किती वेळ आहे?" असं शेजारणीला विचारत नाही. आणि शेवटी एक तर तो भामटा निघतो, नाहीतर वेडा. क्वचित कधी उलटं होतं, त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं आणि शास्त्रज्ञ बाई त्याच्यापुढं खाली मान घालते. देव तर हमखास यंत्रच निघतो.

पण ज्याला काहीच ठाऊक नाही आणि तरीही जो वेळेवर येतो, सतरंजी अंथरायला हात लावतो, माइक चालू आहे का बघतो, असा माणूस मला एकाही ग्रहावर सापडला नाही. लिहिणाऱ्यांनी तो कधी पाहिलाच नसावा. माझ्या तर तो घरात होता, खालच्या खोलीत.

दोन वर्षांपूर्वी एक मोठी मालिका आली. एक यान, त्यात हजारो माणसं, प्रवास इतका लांब की निघालेले सगळे वाटेतच मरणार आणि पोचतील ती त्यांची पतवंडं. यानात एक म्हातारा धर्मगुरू. त्याला मराठीत म्हणायचं काय, इथूनच तिढा पडला. पुजारी नको, महंत नको, बुवा नको, मौलवी नको, फादर नको, भन्ते तर मीच लिहिलं नसतं. शेवटी "ज्येष्ठ" ठरलं. स्टुडिओच्या बाईंनी फोनवर बजावलं, "धार्मिक वाटलं पाहिजे, पण कुठल्याही धर्माचं वाटायला नको. आजकाल कोण कशावरून भडकेल सांगता येत नाही." त्यांचंही बरोबरच होतं. मी लिहिलं आणि त्यांनी खोडलं, असं तीन आठवडे चाललं. आशीर्वाद खोडला, दुवा खोडली, मोक्ष, मुक्ती, प्रसाद, पुण्य सगळं गेलं. धर्मातून धर्म काढल्यावर उरतं काय, ह्याचा मला वीट आला होता.

नवव्या भागात यानाच्या तळमजल्यावर हवा बंद पडते आणि शंभरेक माणसं मरतात. ज्येष्ठ त्यांच्या घरच्यांपुढं येऊन उभा राहतो. मूळ वाक्य होतं काहीतरी ताऱ्यांच्या कुशीत परतण्याबद्दलचं. मी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा ते परत आलं. दुपारची वेळ होती, पाठीला शेक घेत बसले होते. पुन्हा एकदा चित्रफीत लावली. म्हातारा हात जोडून उभा. ओठ कुठं मिटतात ते मोजलं आणि हात आपोआप चालले. आधी रडून घ्या. मग पाणी प्या. मग आपण बोलू. मग, पाणी, प्या, मग, आपण, बोलू. एकेक ओठ जागेवर बसला. स्टुडिओचं उत्तर तासाभरात आलं, "अप्रतिम. हेच हवं होतं."

ज्यात कुठलाही धर्म दिसत नाही आणि तरी धार्मिक वाटतं, असं वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षं होतं. मला त्याक्षणी चोरी केल्यासारखं वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. तेवढं काम संपवून मी झोपले.

मालिका लागली तेव्हा दादा खूश. संध्याकाळी जेवण आटोपून टीव्हीसमोर बसायचे. त्यांना अंतराळाचं काही नाही, पण त्यातली ती शास्त्रज्ञ बाई लई आवडली. ती पुरावा मागायची की दादा मांडीवर थाप मारायचे. "बरोबर हाय! इचारलंच पाहिजे. आपलं म्हणणं दुसरं काय हाय?" यानातला देवाचा आवाज ही जुनी ध्वनिफीत आहे, हे उघड झालं त्या दिवशी तर त्यांनी मला वरून खाली बोलावून घेतलं. "बघ, बघ! म्या पहिल्याच दिवशी म्हणलो होतो." मी म्हणाले, "दादा, मीच लिहिलंय ते." "व्हय, पर बघ तरी!"

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दादा बजाजनगरच्या विहारात गेले आणि रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांना सांगून आले, की अंधश्रद्धेवर लई चांगली मालिका लागायलीय, आपल्या पोरीनं मराठीत लिहिलीय, घरोघरी बघा. गुरुजींनी सांगितलं म्हणून माणसांनी खरंच बघितली. मालिकेची इतकी इमानदार जाहिरात तिच्या मालकांनीही केली नसेल.

नवव्या भागाला ज्येष्ठ ते वाक्य बोलला. मी जिन्यात उभी होते. दादा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "अगं, हे तर माझंच हाय की! माझं बोलणं पार आभाळात नेलंस तू." दुसऱ्या दिवशी चार जणांना फोन करून सांगितलं. मला खरंच बरं वाटलं. मुलगी म्हणून इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

ते वाक्य लिहिलं तेव्हा मला शेवट ठाऊक नव्हता. स्टुडिओ एकेक भाग पाठवतो, पुढचं सांगत नाही. पण हे कारण दुसऱ्या कुणी दिलं तर चालेल, मी देऊ नये. पंधरा वर्षं मी हेच बुवा बघत आले. झगा दिसला की शेवटी काय निघणार हे मला कळायला हवं होतं. शेवटचा भाग हातात आला तेव्हा कळलं, की तळमजल्याची हवा त्या ज्येष्ठानंच बंद केली होती. हवा पुरत नव्हती, म्हणून माणसं कमी करायची आणि मग घरच्यांपुढं जाऊन हात जोडायचे. त्या भागात तो जुना प्रसंग चार वेळा येतो. चारही वेळा तेच वाक्य.

नववा भाग तेव्हा ध्वनिमुद्रित झाला होता, पण दाखवायला महिना होता. एक पत्र लिहायचं होतं, की हे वाक्य बदलू या. भांडावं लागलं असतं, पुन्हा अकरा मसुदे करावे लागले असते. मी पत्र अर्धं लिहिलं. पाठ दुखत होती, दुसऱ्या मालिकेचे दोन भाग डोक्यावर होते. उद्या बघू म्हटलं. मग उद्या आला आणि गेला. मी काही वाईट हेतूनं केलं नाही, मला फक्त कंटाळा आला होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असंच होत असावं, भूक लागलेली नसतानाही.

शेवटचा भाग लागला तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन बसले. चौथ्यांदा वाक्य झाल्यावर दादांनी विचारलं, "म्हंजी ह्यानंच मारलं त्यांला?"

"व्हय, दादा."

"आन् मारून वर असं बोलायचा?"

दादा भाग संपेपर्यंत बसले. मग उठून पाणी प्यायले, टीव्ही बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी माफी मागायला दारापर्यंत गेले होते. दादाच म्हणाले, "जा, तुझं काम कर. तुला काय मालूम होतं?" मला मालूम होतं, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. अजून झालेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढं काही दिवसांनी बजाजनगरला एक म्हातारा गृहस्थ वारला, दादांबरोबर लेथवर असलेला. पुण्यानुमोदनाला दादांना बोलावलं. दादांचे गुडघे धरलेले होते, म्हणून स्कूटीवर मी घेऊन गेले. गल्लीत मांडव, सतरंज्या, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. पुढं फोटो नि मेणबत्त्या. मयताची मुलगी माहेरपणाला आल्यासारखी आली आणि बापाच्या फोटोसमोर बसून राहिली होती, डोळे कोरडे. दादा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. कुणीतरी माइक पुढं केला. दादांनी हात जोडले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "आधी रडून घ्या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणारा वाईट नव्हता, मयताचा जावईच होता तो, चांगला चाळिशीचा, दोन दिवस धावपळ केलेला माणूस. त्यानं लगेच तोंडावर रुमाल धरला. पण एकाला हसू आलं की ते पसरतं. दोन-तीन सदरे हलले, एका बाईनं पदरात तोंड लपवलं. सगळ्यांनी बघितली होती मालिका. दादांनीच सांगितलं होतं बघायला. मयताची मुलगी मागं वळली, नवऱ्याकडं बघितलं, मग दादांकडं बघितलं. तिला काही कळलं नव्हतं. मालिका चालू होती तेव्हा बाप आजारी म्हणून ती दवाखान्यात बसलेली असेल.

दादा पुढचं वाक्य बोलले नाहीत. त्यांनी माइक तोंडापासून खाली घेतला, पुस्तिका उघडली आणि त्रिशरणाच्या पाठाला सुरुवात केली. सगळ्यांनी हात जोडले. आवाज स्थिर होता. विधी व्यवस्थित झाला, श्रद्धांजलीची भाषणं झाली, जेवणं झाली. जावई येऊन दादांच्या पाया पडायला वाकला, तर दादांनी त्याला वरचेवर धरलं आणि म्हणाले, "असू द्या. दमलाव तुम्ही." ती मुलगी मात्र तशीच बसली होती. ती त्या दिवशी रडली नाही.

परत येताना नगर नाक्याच्या सिग्नलला मी म्हणाले, "दादा, काहीतरी बोला." ते म्हणाले, "गाडी चालव."

नंतर दादांनी दुसरं काहीतरी बोलून बघितलं. दुपारी मला वरपर्यंत ऐकू यायचं, खाली एकटेच पुटपुटायचे. "धीर धरा." "जाणारा गेला." अशी वाक्यं कुणीही बोलतं. दोन अंत्यविधींना ते काहीच न बोलता थेट पाठाला लागले आणि घरी येऊन म्हणाले, "नाय जमत. माणसं बघत राहत्यात, म्या बी बघत राहतो." त्यानंतर फोन आला की गुडघ्याचं कारण सांगायला लागले. मी स्टुडिओला आता पत्र लिहिलं, अगदी पूर्ण. त्यांनी सभ्यपणे कळवलं, की मालिका दाखवून झालेली आहे आणि ते वाक्य तर लोकांना फार आवडलेलं आहे.

मागच्या महिन्यात दादांनी मला खाली बोलावलं. चहा ठेवला होता. म्हणाले, "समितीला अर्ज द्यायचाय. नावनोंदणीतून नाव कमी करा म्हणून. तू लिही, तुझा हात चांगला हाय." मी पुष्कळ नाही म्हणाले. भांडले. शेवटी लॅपटॉप आणला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मा. अध्यक्ष यांस. किती वर्षं सेवा केली. कुठल्या कुठल्या विहारात. मग दादा थांबले.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"लिही, आवाज बसलाय. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला मना केलंय."

आवाज ठणठणीत होता. मी म्हणाले, "दादा, खरं लिहू. माझ्यामुळं झालं असं लिहू. मी समितीपुढं येऊन सांगते."

"नको. लोक तुला नाहक बोलतील. तुझं पोट हाय त्या कामावर."

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. दादा ते आधी म्हणायचे आणि माणसं त्यांच्यामागं म्हणायची, लग्नात, बारशात, मयताला. चाळीस वर्षांत किती हजार माणसांना त्यांनी ते दिलं असेल. मी टाइप केलं, आवाज बसला आहे. दादा म्हणाले, "वाच एकदा." मी पूर्ण अर्ज मोठ्यानं वाचला. त्या ओळीला त्यांनी मान हलवली, आणि मी छापून आणलेल्या कागदावर, त्यांच्या आयुष्यातल्या बहुधा पहिल्या खोट्याखाली, चष्मा लावून सावकाश सही केली.